लाल दोरा संपला तेव्हा

मास्तर गाडी ढकलत आले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि मी आधीच चिडलेली होते. चिडायला मला कारण लागतंच असं नाही, पण त्या दिवशी होतं. माझा धाकटा भाऊ सकाळी साडेआठ वाजता आईला आपल्या साठ वर्षं जुन्या मोटारसायकलवर मागे बसवून घाटापलीकडे मावशीकडे घेऊन गेला होता. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला बघायला जायचं तर शहाणा माणूस बसने जातो. आमच्या आईला मात्र सत्तरीला टेकल्यावरही वारा खात जायचं असतं.

"अगं, चार्जिंगचं काहीतरी बिनसलंय," मास्तर गाडी स्टँडला लावत म्हणाले. त्यांनी मला शाळेत भूमिती शिकवली आणि अजूनही माझ्याकडे गृहपाठ राहिल्यासारखं बघतात. "तुमच्याकडून नेली ती तीन दिवस नुसती उभी होती. मी बॅटरी बसवली आणि आज पहिल्यांदा बाहेर काढली. चढाला जरा पिळली, तर अँमीटरचा काटा एका टोकाला जाऊन बसला. हलेचना. मग जळका वास आला. मी बॅटरीची वायर उपटली आणि आणली ढकलत."

"वायर उपटलीत ते बरं केलंत," मी म्हणाले.

ही गाडीही आमच्या धाकट्याच्या गाडीच्याच वयाची. या गाड्यांना इंजिन चालायला बॅटरी लागत नाही, ठिणगीसाठी मॅग्नेटो वेगळा असतो. बॅटरी फक्त दिव्याला आणि हॉर्नला, आणि ती भरत राहावी म्हणून इंजिनाला जोडलेला छोटा डायनामो. दोघांच्या मध्ये कटआउटची डबी. गाडी हळू असली की ती डायनामोला बॅटरीपासून तोडते, वेग घेतला की जोडते. एवढंच सगळं. यात जे काही बिघडू शकतं ते आमच्या बाबांनी चाळीस वर्षांत दोनदोनदा दुरुस्त केलेलं आहे. बाजारात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही, अँपियर म्हणतात. लांबलांबच्या गावांहून लोक डायनामो पिशवीत घालून घेऊन येतात आणि विचारतात, अँपियर आहेत का? मी समोर उभी असते, हातात मीटर असतो, तरी विचारतात.

अँपियर तेव्हा मागच्या बाजूला खिडकीशी बसून एका डायनामोच्या आतल्या आर्मेचरला तार गुंडाळत होते. त्यांनी मास्तरांना मानेनेच रामराम केला आणि पुन्हा खाली बघितलं.

मी बॅटरी काढून बाकावर ठेवली. मीटर लावला, ती ठीक होती, जरा उतरलेली. मग डायनामोच्या दोन्ही वायरी काढल्या, दोन टोकं एका तुकड्याने जोडली, मीटरची एक पिन तिथे आणि एक बॉडीला लावली आणि किक मारली. डायनामो जिवंत आहे की मेला हे बघायची ही सगळ्यात जुनी रीत. इंजिन हळूहळू वाढवायचं आणि काटा चढताना बघायचा.

काटा चढला नाही. शून्याच्या खाली जाऊन पिनेवर आपटला.

मला वाटलं, मीच पिना उलट्या लावल्या. या गाड्यांचं सगळंच उलटं असतं. आजकालच्या गाड्यांमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, या जुन्यांमध्ये प्लस. हात सवयीने चुकतो. मी इंजिन बंद केलं, पिना नीट बघितल्या. बरोबर होत्या. पुन्हा किक मारली, पुन्हा काटा खाली. मग मुद्दाम पिना उलट करून बघितलं. आता काटा झकास वर गेला. म्हणजे डायनामो मेलेला नव्हताच, चांगला दणकट होता. फक्त वीज उलट्या बाजूने काढत होता.

मनात पाल चुकचुकली, पण मी हात चालू ठेवले.

कटआउटची डबी उघडली. आतले दोन पॉइंट, जे उघडझाप करायला हवेत, ते वितळून एकमेकांना चिकटले होते. नखाने निघेनात. म्हणजे बॅटरी आणि डायनामो एकमेकांच्या उरावर बसले होते आणि मध्ये तोडणारं कोणी नव्हतं. मी पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी काढली आणि टाकीखाली लाकडाचा ठोकळा सरकवून ती पुढून उचलून धरली. जुना कॉक, थेंब थेंब गळतच होता, म्हणून खाली पत्र्याचा ट्रे ठेवला. टाकीच्या पोटाखालून जाणारी जाड वायर मी टॉर्चने बघितली. वरचं आवरण वितळून गळून गेलं होतं. वीतभर उघडं तांबं, पेट्रोलपासून दोन बोटांवर.

"मास्तर," मी म्हणाले, "तुम्ही आज थोडक्यात वाचलात."

मास्तर खाली वाकून बघायला लागले.

डायनामो खोलला, की त्याच्या लोखंडात आधीची दिशा राहीलच असं नसतं. म्हणून जोडून झाल्यावर त्याला एकदा क्षणभर बॅटरीची ठिणगी द्यावी लागते. कुठल्या टोकाने ठिणगी द्याल, तिकडची दिशा तो धरतो. प्लस बॉडीच्या गाडीला मायनस बॉडीची ठिणगी दिली, तर गाडी दुकानात चालेल, हळू चालवली तरी चालेल. बॅटरी बसवून वेग घेतला, की मात्र पॉइंट चिकटतात आणि वायर तापत जाते.

मास्तरांच्या डायनामोला ठिणगी बाबांनी दिली होती. चार दिवसांपूर्वी. मी सीट उचलली.

बाबांची एक पद्धत आहे. गाडी दुकानात आली, की कशालाही हात लावायच्या आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघतात आणि सीटखालच्या नळीला दोरा बांधतात. प्लस बॉडीला असेल तर लाल, मायनस असेल तर काळा. मग बॅटरी काढली, डायनामो उतरवला, गाडी आठ दिवस उघडी पडली, तरी काळजी नाही. शेवटी दोरा बघायचा आणि त्याप्रमाणे ठिणगी द्यायची. एका वेळी दहा गाड्या उघड्या असतात, डोक्यावर विसंबू नये, असं त्यांनीच मला शिकवलं. शहरात दुसरं कोणी हे करत नाही.

मास्तरांच्या प्लस बॉडीच्या गाडीला काळा दोरा होता. नवाकोरा, दोन गाठींचा.

मी भिंतीकडे गेले. खिळ्याला दोन रिळं असतात, समोरच्या टेलरकडून आणलेली. काळं भरलेलं होतं. लाल रिळाचा नुसता पुठ्ठा उरला होता, वर धाग्याची एक कुसळ. कधी संपलं होतं कोण जाणे. मला सगळं एकदम दिसलं. गाडी आली, लाल हाताला लागला नाही, बाबांनी म्हटलं असेल, तूर्त काळा बांधू, आपल्याला माहीतच आहे. आणि ठिणगी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोरा बघितला आणि दोऱ्याचं ऐकलं.

हे त्यांनी मास्तरांच्या गाडीला केलं होतं. आणि परवाच्या दिवशी धाकट्याच्या गाडीचा डायनामो त्यांनी त्याच बाकावर, त्याच रिळांखाली बसून नव्या तारेने भरला होता. त्याच गाडीवर या घटकेला माझी आई बसली होती, दोन्ही हातांनी सीटची कड धरून.

"बाबा," मी म्हणाले. "धाकट्याच्या गाडीला कुठला दोरा बांधलात?"

"लाल," ते वर न बघता म्हणाले.

"लाल संपलाय."

त्यांनी आता वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे. त्यांच्या बोटात तार तशीच ताणून धरलेली होती.

"ठिणगी कुठून दिलीत त्याच्या डायनामोला?"

"जिथून द्यायची तिथून."

"कुठून ते विचारतेय मी."

"बरोबर दिलीय."

"आणि मास्तरांना? मास्तरांना बरोबर दिलीत? या इकडे, बघा ही वायर."

माझा आवाज चढला होता. मला तो चढताना ऐकू येतो, पण थांबवता येत नाही. जन्मापासून तसाच आहे. बाबा उठले नाहीत. मी टॉर्चचा उजेड टाकीखाली धरून उभी, आणि ते खिडकीशी बसून भिंतीवरच्या रिकाम्या रिळाकडे बघतायत. मास्तर म्हणाले, "मी जरा टेलरकडे बसतो," आणि हळूच बाहेर पडले. ते गेले ते बरं झालं असं मला वाटलं नाही, कारण मला साक्षीदार हवा होता.

मी धाकट्याला फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही. आईचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता, तो मी सकाळी निघताना माझ्या डोळ्यांनी बघितला होता. घाटात रेंज नसते हे सगळ्या शहराला माहीत आहे. पुन्हा लावला. साडेआठला निघालेत, वाटेत नाश्त्याला थांबणार, मग पायथ्याच्या पंपावर टाकी भरणार, म्हणजे भरलेली टाकी. म्हणजे आत्ता चढ. आणि चढाला धाकटा गाडी पिळणार, मास्तरांनी पिळली तशी.

"बाबा, शेवटचं विचारते. आठवतंय का तुम्हाला?"

"अगं, चाळीस वर्षं करतोय मी हे," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "बरोबर आहे सगळं."

"बरोबर आहे? मास्तरांची पण बरोबर आहे?" मी स्कूटरची किल्ली उचलली. "मग ती घ्या बॅटरी, लावा गाडीला आणि दाखवा चालू करून. अँपियर ना तुम्ही?"

हे मी बोलले. शब्दन् शब्द असंच बोलले. आणि त्यांच्याकडे न बघता निघाले.

घाटाचा पायथा दुकानापासून अर्ध्या तासावर. मी तो वीस मिनिटांत गाठला. पुढे चढ लागला आणि मी प्रत्येक वळणावर पुढचा रस्ता दिसायच्या आधी हवेचा वास घ्यायला लागले. तिसऱ्या वळणापलीकडे धूर दिसला. जवळ गेले तर रस्त्यावरचे कामगार पालापाचोळा जाळत होते. त्यातला एक जण मला हात करून हसला आणि मला त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या.

आई मागे बसते तेव्हा पदर खोचून घेते, पण ओढणीसारखा तो सुटतो. वायर पेटली तर ती टाकीखाली पेटणार, धाकट्याच्या मांड्यांमध्ये. तो गाडी सोडून उडी मारेल, तो चपळ आहे. आईचा एक पाय उतरायला वेळ घेतो. तिला घरातली पायरी उतरतानाही कोणाचा तरी हात लागतो. मी हे सगळं पुढचा ट्रक ओव्हरटेक करता करता बघत होते. समोर दरी होती आणि मला दरीची भीती वाटत नव्हती. मी बाबांना मनातल्या मनात जे जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माथ्यावर पत्र्याची शेड आहे, गाड्या थंड व्हायला लोक तिथे थांबतात. शेडच्या सावलीत धाकट्याची गाडी स्टँडला उभी होती. शेजारी बाकावर आई बसून चहा पीत होती.

स्कूटर नीट उभीसुद्धा करता आली नाही, ती आडवी झाली.

"ताई? तू इथे?" धाकटा धावत आला. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

मी त्याला बाजूला सारलं आणि गाडीपाशी खाली बसले. हात लावून बघितलं. टाकीखालची वायर थंड. कटआउट थंड. मग डायनामो बघितला. त्याच्या दोन्ही वायरी काढलेल्या होत्या. दोन्ही टोकं वेगवेगळी, काळ्या टेपने नीट गुंडाळून, फ्रेमला बांधून ठेवलेली. डायनामो कशालाच जोडलेला नव्हता. त्याच्यापासून काही होणं शक्यच नव्हतं. ते टेप गुंडाळणं मी ओळखलं. शेवटचा वेढा उलटा दुमडायची सवय एकाच माणसाला आहे.

"हे कोणी काढलं?"

धाकट्याने आईकडे बघितलं.

"सांग," आई म्हणाली.

"बाबांनी. सकाळी, निघताना. तू आंघोळीला गेली होतीस." धाकटा माझ्याकडे न बघता बोलत होता. "म्हणाले, दिवसाउजेडी जाऊन ये, लाईट लावू नकोस, इंजिनाला काही होत नाही. मी विचारलं का, तर म्हणाले, ठिणगी कुठून दिली ते मला आठवत नाहीये. उगाच धोका नको. परत आलास की आपण दोघं बघू."

"मग मला का नाही सांगितलं? मी घरात होते. मी दहा मिनिटांत तपासून दिलं असतं."

उत्तर आईने दिलं, आणि ते तिने प्रेमाने दिलं हे जास्त वाईट होतं.

"त्याने पण हेच विचारलं, ताईला सांगू का म्हणून. तर हे म्हणाले, तिला विचारायची सोय नाही. अगं, तू विचारायला लागलीस की तुझा आवाज चढतो. मग त्यांना जे आठवत असतं तेही जातं. मग ते सगळ्यालाच बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत सुटतात."

"किती दिवस चाललंय हे?"

"अगं वेडे, दिवस काय विचारतेस," आई मला लहानपणी रागावायची त्याच शब्दांत म्हणाली, पण रागावली नव्हती. "सहा महिने झाले. मी बरोबर असले की मला विचारतात. दुकानात कोणाला विचारणार?"

मला राग आला, मग लाज वाटली. सहा महिने मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसत होते. मी विचारायचे, ते म्हणायचे बरोबर आहे, आणि मी त्याला घमेंड समजत होते.

"मास्तरांची गाडी आलीय का?" धाकट्याने विचारलं. "त्यांना त्या गाडीची पण धाकधूक होती. म्हणाले, मास्तर ती कधी बाहेर काढत नाहीत, आज संध्याकाळी घरी जाऊन बघून येतो."

"आलीय," मी म्हणाले, आणि तेव्हा मला माझे शब्द ऐकू आले. ती घ्या बॅटरी, लावा गाडीला आणि दाखवा चालू करून.

पॉइंट चिकटलेले. वायर उघडी. टाकी ठोकळ्यावर, कॉक गळतोय, खाली ट्रे. बॅटरी मी काढून ठेवली होती म्हणूनच ती गाडी निर्धोक होती. बॅटरीचं टोक टेकायचा अवकाश, की ठिणगी उडून पेट्रोल पेटणार, किकसुद्धा मारायला नको. हे मी तपासलं होतं. त्यांनी तपासलं नव्हतं, कारण मी त्यांना जवळ बोलावून दाखवण्याऐवजी लांबूनच ओरडून सांगितलं होतं. आणि विचारायची सोय नव्हती.

फोन बघितला. रेंज नव्हती. मी आडवी पडलेली स्कूटर उचलली. आई मागून काहीतरी म्हणत होती ते मी ऐकलं नाही.

उतारावर मला वास घ्यायचं सुचलं नाही, काहीच सुचलं नाही. ते करणार नाहीत, असं मी म्हणत होते. ते अँपियर आहेत, चिकटलेला पॉइंट त्यांना लांबूनही कळतो. ते बाकावरून उठलेसुद्धा नसतील. पायथ्याला रेंज आली आणि खिशात फोन एकदम थरथरायला लागला. टेलरचे सात मिस्ड कॉल. मी थांबून फोन लावला नाही. मला लावायचा नव्हता.

आमच्या गल्लीत लोक उभे होते. दुकानाच्या दारातून वाळू पसरली होती, टेलरच्या दोन बादल्या आडव्या पडल्या होत्या. आत मास्तरांची गाडी टाकीपासून हँडलपर्यंत काळी पडलेली आणि भिंतीवर छतापर्यंत काजळी. मास्तरांचा शर्ट बाहीपर्यंत ओला होता. "आम्ही समोरच होतो म्हणून," ते म्हणाले. "दवाखान्यात न्यायला गाडी बोलावलीय. येईलच."

बाबा टेलरच्या दुकानात स्टुलावर बसले होते. मांडीवर पाण्याची परात, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात. भुवया जळल्या होत्या, चेहरा धड होता. मी हातांकडे बघितलं आणि पुन्हा वर बघितलं. जी बोटं केसाएवढी तार न तुटू देता गुंडाळायची, ती ही आहेत असं वाटेना.

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले.

"धाकट्याची गाडी?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे. आई ठीक आहे. तुम्ही काढल्या होत्यात वायरी."

"काढल्या होत्या ना? मला वाटलंच, काढल्या असतील." त्यांना बरं वाटलं. "तू लाव म्हणालीस. मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे सगळं बघूनच म्हणत असशील."

"हो."

"मग माझं कुठे चुकलं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कामातलं काही विचारायची ही पहिली वेळ होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, टेलर धावत गेला.

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा," मी म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

मी हे अगदी हळू बोलले होते. शेजारच्या मास्तरांनाही ऐकू गेलं नसेल. बाबांनी घाईघाईने मान डोलावली आणि स्टुलावर थोडे मागे सरकले. परातीतलं पाणी हिंदकळलं.

"बरं, बरं," ते म्हणाले. "ओरडू नकोस. मी लक्षात ठेवीन."